खिडकी आधी, टीव्ही नंतर

रेडिओवरून टीव्हीविषयी बोलायचे म्हणजे थोरल्या जावेने धाकटीच्या स्वयंपाकाची चर्चा करण्यासारखे आहे. पण विषय घरातला आहे आणि त्यात माझी चूकही आहे, म्हणून सांगतो.

मी बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. ‘प्रकाशाचे परावर्तन’ हा धडा मला तोंडपाठ. आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे वाक्य मी किती मुलांकडून म्हणवून घेतले असेल, याचा हिशेब नाही. आणि टीव्ही घ्यायची वेळ आली तेव्हा नेमका हाच धडा मी विसरलो.

आमचा फ्लॅट साताऱ्यात. हॉलला पश्चिमेकडे जवळजवळ भिंतभर खिडकी आहे. समोर यवतेश्वरचा डोंगर दिसतो. माझी आई ८३ वर्षांची. तिच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्या डोळ्याची नजर अधू आहे. तिची खुर्ची खिडकीपाशी. दुपारचा चहा झाला की मालिका, आणि सामना असेल तर सामना. क्रिकेट तिला माझ्यापेक्षा जास्त कळते.

२०२३ च्या ऑक्टोबरात एकदिवसीय विश्वचषक सुरू होणार, म्हणून आम्ही ५० इंची टीव्ही घेतला. दुकानात तो असा काही झळकत होता, की पाहताक्षणी सौभाग्यवती आणि मी दोघेही भुललो. घरी आणून पूर्वेच्या भिंतीवर, म्हणजे खिडकीच्या अगदी समोर, टांगला. भारताचे बहुतेक सामने दुपारी दोनला सुरू होत. म्हणजे पहिला डाव बरोबर आमच्या खिडकीतल्या उन्हाच्या वेळी. पडद्यावर काय दिसायचे? यवतेश्वरचा डोंगर, खिडकीचे गज आणि मधोमध माझे डोके. फलंदाज कुठेतरी त्यामागे. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, टीव्हीत दोष नाही, परत घेता येणार नाही. त्याचे म्हणणे खरे होते.

मग मी जाड, दुहेरी अस्तराचे पडदे आणले. आई म्हणाली, “अरे, दिवसाढवळ्या घरात काळोख कशाला?” मी म्हटले, “आई, थिएटरसारखं वाटेल बघ.” पंधरा दिवसांनी दुपारी ती पाणी प्यायला उठली, टीपॉयचा कोपरा तिला दिसला नाही आणि ती पडली. मनगटाचे हाड मोडले. डॉक्टरांनी प्लास्टर घालता घालता विचारले, “आजी, खोलीत उजेड होता ना?” आई काही बोलली नाही. मला मात्र खाली बघावे लागले.

श्रोतेहो, म्हाताऱ्या डोळ्यांत तरुण डोळ्यांपेक्षा पुष्कळच कमी प्रकाश पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. आपल्याला जो मंद उजेड सुखाचा वाटतो, तो त्यांना काळोख असतो. तेव्हा टीव्हीसाठी खोली अंधारी करणे हा उपाय घरात वृद्ध माणूस असेल तर करूच नये. पडदे त्याच दिवशी बाजूला सारले. आई दुपारी टीव्हीसमोर बसायची, पण डोळे मिटून. नुसते समालोचन ऐकायची. म्हणायची, “हा आता रेडिओच झाला.”

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा पुन्हा विचार सुरू झाला. या वेळी मात्र दुकानात जाण्यापूर्वी मी घरीच थोडा गृहपाठ केला.

पहिली गोष्ट, जागा. भिंतीवर जिथे टीव्ही लावायचा, तिथे एक आरसा धरायला लावा आणि आपण नेहमीच्या खुर्चीत बसून पाहा. वेळ तीच निवडा, जेव्हा ऊन सर्वांत जास्त असते. आरशात खिडकी दिसली, तर टीव्हीतही खिडकी दिसणार. आम्ही हा आरसा घेऊन हॉलभर फिरलो. पूर्वेच्या भिंतीवर खिडकी दिसलीच. पश्चिमेला, खिडकीच्या बाजूच्या पट्टीवर लावावा, तर टीव्ही पाहताना शेजारचा लखलखीत उजेड थेट डोळ्यांत येतो. उत्तरेच्या भिंतीवर, म्हणजे खिडकीशी काटकोनात, आरसा धरला तेव्हा आईच्या खुर्चीतून फक्त स्वयंपाकघराचे दार दिसले. सोफ्याच्या टोकाला बसले तर खिडकीची कड दिसत होती, पण ती जागा पाहुण्यांची. वायरमनला बोलावून उत्तरेला नवा पॉइंट काढून घेतला. अर्धे काम तिथेच झाले. पडद्यावर थेट ऊनच पडत असेल, तर कितीही महाग टीव्ही आणा, जागा बदलण्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट, आकार. टीव्हीचे इंच कर्णाचे असतात. ५५ इंची टीव्ही सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ उंच असतो, ६५ इंची सुमारे १४४ रुंद आणि ८१ उंच. या मापाचे वर्तमानपत्राचे कागद चिकटवून आम्ही भिंतीवर लावले. ६५ इंची कागदाने स्विचबोर्ड झाकला गेला. मग ५५ ठरला, आणि आईची खुर्ची दोन फूट पुढे ओढली. अंतर कमी केले की चित्र मोठेच दिसते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

तिसरी गोष्ट, तेज. टीव्हीचे तेज ‘निट’ या एककात मोजतात. एका चौरस मीटर पृष्ठभागातून साधारण एका मेणबत्तीएवढे तेज, म्हणजे एक निट. स्वस्त टीव्ही अडीचशे-तीनशे निटच्या आसपास असतात. रात्री ते पुरतात. हॉलमध्ये रात्री दिव्याखाली शे-दीडशे लक्स उजेड असतो, दुपारी खिडकीजवळ तोच हजारांच्या घरात जातो. आपला डोळा जुळवून घेतो, म्हणून हा फरक आपल्याला कळत नाही. पण टीव्हीला त्या उजेडाशी झुंजावे लागते. भरपूर उजेडाच्या खोलीसाठी निदान सहाशे-सातशे निट हवेत, हजार असले तर उत्तम. यात एक मेख आहे. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा पडद्याच्या लहानशा भागापुरता असतो. क्रिकेटमध्ये सबंध पडदा हिरव्या मैदानाने भरतो. तेव्हा पूर्ण पडदा उजळल्यावर तेज किती, हे विचारा.

इथेच ओएलईडीचा प्रश्न येतो. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून रात्री त्याच्याइतका गडद काळा रंग दुसरीकडे नाही. पण सबंध पडदा उजळायची वेळ आली की तो सहसा मागे पडतो. अलीकडचे महागडे संच सुधारले आहेत, पण किंमतही तशीच. मिनी एलईडी टीव्हीत पडद्यामागे शेकडो, कधी हजारो बारीक दिवे असतात आणि ते भागाभागाने कमीजास्त होतात. दिवसाच्या उजेडाला हे जास्त पुरे पडतात.

चौथी गोष्ट पडद्याच्या पृष्ठभागाची, आणि तीच लोक विसरतात. एक साधा नियम सांगतो. तुमच्या खोलीत बंद टीव्ही जितका काळा दिसतो, त्याहून काळा तो चालू असताना दिसूच शकत नाही. म्हणून दुकानात टीव्ही आधी बंद करायला सांगा. दोन-तीन बंद टीव्हींवर मोबाइलचा टॉर्च मारा. चकचकीत पडद्यावर टॉर्च लखख दिसेल, पण बाकीचा पडदा काळा राहील. खरखरीत पडद्यावर टॉर्चचे प्रतिबिंब पसरेल, पण पडदा करडा दिसेल. समोर खिडकी टाळताच येत नसेल, तर दुसरा बरा. खिडकी बाजूला असेल, तर चकाकी कमी करणारा थर दिलेला पहिला. आम्ही जागा बदलली होती, म्हणून आम्हाला निवडीला वाव मिळाला.

आई बाजूने पाहणार होती, म्हणून दुकानात मीही प्रत्येक टीव्हीकडे तिरके उभे राहून पाहिले. काही पडदे समोरून सुरेख असतात आणि बाजूला सरकले की विटतात. आणखी एक, दुकानातले टीव्ही बहुधा ‘स्टोअर’ मोडमध्ये असतात. तो ‘होम’ मोडवर आणायला सांगा. त्यांची आतषबाजीची आणि दागिन्यांची चित्रफीत बाजूला ठेवा. आम्ही पेन ड्राइव्हवर भाचीच्या लग्नाचे चित्रण नेले होते. सकाळचा विधी आणि रात्रीची वरात, दोन्ही पाहिले. विक्रेता कंटाळला, पण निर्णय झाला. तिरके पाहिले तरी न विटणारा ५५ इंची मिनी एलईडी आम्ही घेतला. घरी आल्यावर पहिल्या दिवशी तो मंद वाटला. पाहिले तर ऊर्जाबचतीची सोय आधीपासून चालू होती. दुपारी ती बंद करतो, रात्री पुन्हा चालू करतो. रात्री तेवढ्या तेजाची गरज नसते आणि विजेचे बिलही वाढत नाही.

पहिला टीव्ही कुठे गेला, असे तुम्ही विचाराल. तो आमच्या आतल्या खोलीत आहे. तिथली खिडकी लहान, उजेड बेताचा. तिथे तो झकास दिसतो. तेव्हा तो टीव्ही वाईट नव्हताच. मी तो कुठल्या खोलीसाठी घेतोय, कोणाच्या डोळ्यांसाठी घेतोय, याचा विचार केला नव्हता. खोलीतला उजेड तोडून टीव्ही बसवू नये, उजेड पाहून टीव्ही निवडावा, एवढेच मला म्हणायचे आहे.

आईचे मनगट आता बरे आहे, फक्त थंडीत ठणकते. हॉलचे जाड पडदे काढून सौभाग्यवतीने त्यांची गाद्यांना खोळ शिवली. दुपारी खिडकी सताड उघडी असते, डोंगर दिसतो आणि सामनाही दिसतो. परवा मी बाहेरून आलो आणि सवयीने म्हटले, “आई, थांब, धावा किती झाल्या ते वाचून सांगतो.” तिने पडद्यावरची नजर न हलवता मलाच धावसंख्या सांगितली, आणि वर म्हणाली, “बाजूला हो, मला दिसत नाहीये.”