प्लास्टर निघाल्यानंतर



आमच्या पाड्यावरचा आठ वर्षांचा मुलगा चिंचेवरून पडला. गुडघ्याजवळ मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर झालं, निघालं, पोर धावू लागलं. मी प्रभूचे आभार मानले आणि वहीत ‘बरा झाला’ लिहून टाकलं.

दीड वर्षानं त्याची आई म्हणाली, “ताई, तुम्ही दिलेली चड्डी एका बाजूनं खालीच दिसते. शिवण चुकली का?”

शिवण बरोबर होती, पाय आखूड झाला होता. डॉक्टरांनी पायाखाली लाकडी पाट्या ठेवून पाहिलं: अडीच सेंटिमीटर.

मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कोवळा थर असतो. पायाची बरीचशी वाढ गुडघ्याजवळच होते. तिथं इजा झाली तर वाढ खुंटू शकते, आणि ते महिन्यांनी कळतं. उलट मांडीचं हाड मधोमध मोडलं तर तो पाय कधीकधी सेंटिमीटरभर जास्तच वाढतो! लंगडेपणा म्हणजे करणी नव्हे, हे पाड्यावर सांगावं लागतं.

सध्या उंच तळव्याची चप्पल दिली आहे. पुढं चांगल्या पायाची वाढ थांबवायची शस्त्रक्रिया लागेल. ती वाढीचं वय सरण्याआधीच करावी लागते.

वहीत आता ‘बरा झाला’च्या जागी पुढच्या तपासणीची तारीख लिहिते. एसटीचं भाडं तुमच्याच दानातून जातं. येत्या गुरुवारी त्याला न्यायचं आहे.