हौशी गळ्यांची सभा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सायंकाळीं, गायकवृंदाच्या गायनापूर्वीं केलेलें भाषण)



या प्रसंगीं चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, तेव्हां मीं प्रथम नकारच दिला होता. कारण लपविण्यासारखें नाहीं. सहा महिन्यांपूर्वीं महोत्सवाचें गाणें कोणीं गावें हा प्रश्न मंडळापुढें आला. त्या वेळीं मोबदला देऊन बाहेरचे कसलेले गायक आणावे, आपल्या घरच्या मंडळींनीं हें अवघड संगीत हातीं घेऊन हंसें करून घेऊं नये, असें मत ज्यांनीं आवेशानें मांडलें, त्यांत मी होतों. मंडळानें तें मत बाजूस सारलें. गायकवृंदानें दर गुरुवारीं तालीम केली, आणि आतां थोड्याच वेळांत तो तुमच्यापुढें उभा राहणार आहे. हरलेल्या पक्षाच्या माणसालाच प्रस्तावनेस उभें करण्यांत फादरांचा कांहीं विनोद असावा. तो मीं निमूटपणें मान्य केला, आणि तयारी म्हणून अशा हौशी गायनमंडळांचा इतिहास वाचावयास घेतला. त्यांतील एका मंडळाच्या कथेनें मला इतकें धरून ठेवलें कीं, आजचें भाषण बहुतेक तिचेंच होणार आहे.

तें मंडळ म्हणजे बर्लिन शहरांतील ‘झिंग-अकादमी’, म्हणजे गायनाची अकादमी. तिचे संस्थापक कार्ल फ्रीड्रिख ख्रिस्तियान फाश हे प्रशियाचे राजे दुसरे फ्रेडरिक यांच्या दरबारीं १७५६ पासून हार्पसिकॉर्ड नांवाचें वाद्य वाजवीत असत. राजाला बासरीचा नाद होता, व त्या बासरीला साथ करणें हें फाश यांचें काम. त्याच चाकरींत त्यांचे सोबती होते थोर बाख यांचे चिरंजीव कार्ल फिलिप एमानुएल. पुढें सात वर्षांचें युद्ध पेटलें, राजाला बासरीस फुरसत उरली नाहीं, पगाराची ओढाताण झाली, आणि फाश शिकवण्या करून दिवस काढूं लागले.

१७८३ सालीं राइखार्ड्ट नांवाच्या दरबारी संगीतकारानें इटलीहून एक हस्तलिखित आणलें. तें ओराट्सियो बेनेव्होली यांनीं रचलेलें सोळा स्वरांचें मिस्सासंगीत होतें. हे बेनेव्होली आपल्याच ख्रिस्तसभेचे, सतराव्या शतकांत रोममधील संत पेत्राच्या महामंदिरांत गायकवृंदाचे प्रमुख होते. सोळा स्वर म्हणजे काय हें येथें थोडें सांगितलें पाहिजे. आपल्याकडील भजनांत शंभर माणसें असलीं तरी चाल एकच असते. टाळकरी, मृदंगी व गाणारे सारे एकाच वाटेनें जातात. या संगीतांत तसें नाहीं. सोप्रानो, आल्टो, टेनर व बास अशा चार पायऱ्यांचे आवाज चार निरनिराळ्या चाली एकाच वेळीं म्हणतात, आणि त्या चाली एकमेकींत अशा गुंफलेल्या असतात कीं ऐकणाऱ्यास एकच वस्तु ऐकूं यावी. बेनेव्होलींच्या रचनेंत असे चार वृंद, म्हणजे चार चोक सोळा चाली!

फाश प्रॉटेस्टंट घरचे. परंतु रोमच्या त्या कागदांनीं त्यांची झोप उडविली. त्यांनीं स्वतः सोळा स्वरांचें मिस्सासंगीत रचलें व तें दरबारच्या पगारी गायकांच्या हातीं दिलें. तें त्यांच्याकडून उतरेना. येथें मीं पुस्तक मिटून ठेविलें, कारण माझाच पक्ष पुन्हां एकदां हरत होता.

मग फाश यांनीं आपल्या शिष्यांना व ओळखीच्या घरांतील मुलामाणसांना गोळा केलें. १७९० च्या उन्हाळ्यांत एका बागेंतील घरांत तालमी सुरू झाल्या. २४ मे १७९१ हा मंगळवार संस्थेचा स्थापनादिन मानितात. जमलेलीं माणसें तीसांच्या आंत होतीं. त्यांत स्त्रिया होत्या, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हे. प्रार्थनामंदिरांतील गायकवृंदांत उंच स्वर मुलांनीं म्हणावयाचे अशी पुष्कळ ठिकाणीं रीत होती. येथें मात्र कुलीन घरांतील स्त्रिया पुरुषांच्या शेजारीं बसून, वही हातीं घेऊन, आपापली चाल घोटूं लागल्या. कोणी मानधन घेत नव्हतें. उलट सभासदच वर्गणी भरीत. १७९३ सालीं कला-अकादमीच्या इमारतींत जागा मिळाली, त्यावरून ‘अकादमी’ हें नांव चिकटलें. जून १७९६ मध्यें बर्लिनला आलेला एक पंचवीस वर्षांचा पाहुणा त्यांचें गाणें ऐकावयास आला, आणि फाश यांच्याच एका सुरावटीवर त्यानें पियानोवर आयत्या वेळीं विस्तार करून दाखविला. त्या पाहुण्याचें नांव बेथोव्हेन.

१८०० सालीं फाश वारले. त्यांच्या स्मरणार्थ मंडळानें मोझार्टचें ‘रेक्वियेम’, म्हणजे मृतांसाठीं असलेलें मिस्सासंगीत, गायिलें. प्रॉटेस्टंट बर्लिनच्या हौशी लोकांनीं आपल्या गुरूला निरोप द्यावा तो आपल्या लॅटिन उपासनेच्या शब्दांत, हें मला फार हृद्य वाटतें.

त्यांच्या जागीं आले कार्ल फ्रीड्रिख त्सेल्टर. हे गृहस्थ कोण, तर गवंडी! वडील गवंडी, आणि हे स्वतः १७८३ पासून त्या धंद्यांत उस्ताद म्हणून मान्यता पावलेले. महाकवि गटे त्यांचे जिवलग मित्र होते, तरी बांधकामाचा धंदा त्यांनीं वर्षानुवर्षें सोडला नाहीं. आपल्या वृंदांतील बासवाल्या मंडळींत एक गवंडी आहेत, एक सुतार आहेत. त्यांचीं नांवें घेत नाहीं, पण ते आतां गालांत हंसत आहेत हें मला येथून दिसतें.

गुरुवारच्या तालमींना मीं तीन वेळां, मागच्या बाकावर बसून, चोरून हजेरी लाविली. तेथें जें पाहिलें तें सांगतों. चाल सोप्रानोंकडे असते, म्हणून त्यांचें काम त्या मानानें सोपें. खरी कसोटी आल्टो स्त्रियांची. आपल्या सर्वांचा कान लहानपणापासून एकाच चालीला लागलेला. शेजारीण वरची गोड चाल म्हणत असतां आपण खालचा स्वर धरून ठेवावयाचा, म्हणजे वाहत्या ओढ्यांत पाय रोवून उभें राहणें होय. पहिल्या महिन्यांत तिसऱ्या ओळीपर्यंत साऱ्या आल्टो वरच्या चालीला जाऊन मिळत आणि गायनमास्तर कपाळाला हात लावीत. दुसरी गोष्ट श्वासाची. लांब स्वर अखंड ऐकूं यावा म्हणून शेजाऱ्यानें श्वास घेतला कीं आपण घ्यावयाचा नाहीं. तो गात असतां आपण हळूच घ्यावयाचा. एकट्या माणसाला जें अशक्य, तें चाळीस माणसें एकमेकांच्या आड लपून साधतात. कसलेल्या एकट्या गवयाला ही लबाडी करतां येत नाहीं. भाड्यानें आणलेले गायक ती सहज करतील, हें मी अजूनही म्हणतों. परंतु आपल्यांपैकीं कोणाची दम लागण्याची जागा कोणती, हें त्यांना ठाऊक असणार नाहीं.

आतां मुख्य कथेकडे येतों. योहान सेबास्तियान बाख यांनीं संत मत्तयाच्या शुभवर्तमानावर रचलेली दुःखसहनगाथा १७२७ सालीं लाइपझिग येथें प्रथम गायिली गेली. झावळ्यांच्या रविवारीं आपण ख्रिस्ताच्या दुःखसहनाचें वाचन ऐकतों आणि लोकसमुदायाचे शब्द स्वतः म्हणतों. तीच ती कथा, दोन वृंद व दोन वाद्यमेळ यांच्यासाठीं बांधलेली. १७५० मध्यें बाख वारले, आणि लाइपझिगबाहेर ही गाथा कोणीं सबंध ऐकली नव्हती. त्सेल्टर यांच्याजवळ प्रत होती. ते तिचे तुकडे सभासदांकडून घोटून घेत, पण लोकांपुढें हें गातां येणार नाहीं असें त्यांचें ठाम मत होतें. (त्यांच्याबद्दल माझी सहानुभूति ओघानेंच आली.) फेलिक्स मेंडेल्सझोन हा तरुण व त्याची बहीण फानी १८२० पासून या मंडळांत गात असत. मुलाच्या आजीनें त्याला त्या गाथेची नक्कल करवून भेट दिली. त्यानें आपल्या घरीं थोडक्या मित्रांना घेऊन ती बसविण्यास आरंभ केला, आणि एडुआर्ड डेव्ह्रियेंट या गायकमित्रासह तो त्सेल्टरांच्या दारीं गेला. म्हातारा गवंडी आधीं चिडला, मग वळला.

११ मार्च १८२९ रोजीं, मंडळानें दोन वर्षांपूर्वीं बांधलेल्या स्वतःच्या सभागृहांत, दीडशेंहून अधिक हौशी गळ्यांनीं ती गाथा गायिली. वाद्यमेळांतही बरेच वादक हौशीच होते. मेंडेल्सझोन वीस वर्षांचा होता. पुष्कळ भाग त्यानें गाळला होता, हें सांगितलें पाहिजे. सबंध गाथा त्या दिवशीं कोणीं ऐकली नाहीं. श्रोत्यांत राजा होता, तत्त्ववेत्ता हेगेल होता. जागा न मिळून शेंकडों लोक परत गेले. उत्पन्न गोरगरिबांच्या मुलींच्या शिवणशाळांस गेलें. दहा दिवसांनीं, बाखच्या जन्मदिनीं, पुन्हां गाणें झालें, आणि शुभ शुक्रवारीं तिसऱ्यांदा, तेव्हां स्वतः त्सेल्टर पुढें उभे होते. आज जगभर बाखचें नांव जें घेतलें जातें, त्याचें एक मोठें मूळ त्या संध्याकाळीं आहे.

पण सत्यकथेला दुसरी बाजू असते. १८३२ सालीं त्सेल्टर वारले. जानेवारी १८३३ मध्यें नवा प्रमुख निवडण्यासाठीं सभासदांनीं मतें दिलीं. मेंडेल्सझोनला ८८ मतें पडलीं. रुंगेनहागेन नांवाच्या जुन्या, सरळमार्गी उपप्रमुखाला १४८. ज्यानें मंडळाचें नांव दिगंतांत नेलें, त्याला मंडळानें परत पाठविलें. तो यहुदी वंशांत जन्मला होता, लहानपणीं बाप्तिस्मा झाला तरी तें कांहींजणांच्या मनांतून गेलें नव्हतें, असें म्हणतात. त्याचें तारुण्यही कांहींना खटकलें असावें. हौशी मंडळांत ओळखीच्या माणसाकडे मत झुकतें. आपल्या मंडळाच्या निवडणुका ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना अधिक सांगावयास नको.

पुढचा इतिहास धांवतच सांगतों. त्याच सभागृहांत १८४८ सालीं प्रशियाची राष्ट्रसभा भरली. १९४३ मध्यें बॉम्बवर्षावानें तें उध्वस्त झालें. पुढें पुन्हां उभारलें तें नाट्यगृह म्हणून, आणि आज तेथें नाटकें होतात. मंडळाचा ग्रंथसंग्रह मात्र युद्धाच्या ऐन भरांत सायलेशियांतील एका वाड्यांत हलविलेला होता. युद्ध संपल्यावर त्याचा पत्ता लागेना. बाखच्या घराण्यांतील पिढ्यांचे कागद, त्याच्या मुलांच्या असंख्य रचना, पांच हजारांहून अधिक बाडें! जळून गेलीं असें पुष्कळांनीं धरून चाललें. १९९९ सालीं संशोधक ख्रिस्टोफ वोल्फ व त्यांचे सहकारी यांना तीं युक्रेनची राजधानी कीव्ह येथील एका सरकारी दप्तरखान्यांत सांपडलीं. २००१ मध्यें तीं बर्लिनला परत आलीं. मंडळ तोंवर गातच होतें. वह्या नव्हत्या, गळे होते.

आपल्या ख्रिस्तसभेची या बाबतींतील वाट निराळी, हेंही नमूद करतों. परमगुरू दहावे पायस यांच्या १९०३ च्या आदेशानें उपासनेच्या गायकवृंदांत स्त्रियांना जागा नव्हती. १९५५ सालीं बारावे पायस यांनीं कांहीं अटींवर ती दिली, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं गायकवृंद जोपासावेत, परंतु लोकांचा सहभागही राखावा, असें सांगितलें. मुंबईंत व्हिक्टर परांजोती यांनीं १९५६ सालीं जो वृंद उभारला, तोही अशाच विना-मोबदला गाणाऱ्यांचा. म्हणजे बर्लिनची कथा आपल्या दारापर्यंत येऊन पोहोंचली आहेच.

माझें मत पालटलें कां, असें मला काल गायनमास्तरांनीं विचारलें. मीं म्हटलें, ऐकल्यावर सांगेन. आपल्या आल्टो भगिनी तिसरी ओळ निभावतात कीं नाहीं, हें पाहण्यास मी त्यांच्याइतकाच उत्सुक आहें. ते पाहा, मास्तर घड्याळाकडे पाहूं लागले आहेत. मंडळी उभी राहत आहे, आणि गवंडीबुवा घसा साफ करीत आहेत. मी खालीं बसतों.