स्वारगेट ते हिंजवडी: गाडी कोणती घ्यावी?

पुण्यात स्वारगेटहून हिंजवडी साधारण वीस किलोमीटर. जाऊन-येऊन चाळीस, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर हजार किलोमीटर. गाडी घेताना हा आकडा आधी डोक्यात ठेवा. रंग नंतर बघू.

लिटरला पंचेचाळीस देणारी स्कूटर महिन्याला बावीस लिटर पेट्रोल पिते, साठ देणारी मोटारसायकल सतराच्या आत भागवते. पण खरा फरक चाकात आहे. स्कूटरचं चाक दहा-बारा इंचांचं, मोटारसायकलचं सतरा-अठरा. लहान चाक खड्ड्यात खोल उतरतं आणि तो दणका थेट कंबरेत बसतो. रोज दोन-तीन तास गाडीवर काढणाऱ्यानं म्हणूनच सव्वाशे सीसीची साधी मोटारसायकल घ्यावी, असं माझं मत. घरात एकच गाडी आणि पुढ्यात भाजीची पिशवी ठेवायची असेल, तर मात्र स्कूटरच बरी.

टायर ट्यूबलेस घ्या. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, पंक्चरवाल्यापर्यंत पोचता येतं. सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे. त्यामुळे पावसाळ्यात ओल्या उड्डाणपुलावर अचानक ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही.

आणि शोरूममध्ये गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवून बघा. स्वारगेटच्या जेधे चौकातल्या सिग्नलला मागून पीएमपीची बस, पुढून रिक्षा, आणि आपण चवड्यांवर तोल सावरतोय, हे रोज जमणारं नाही.