मालवणातली बिनछपराची गाडी

(आकाशवाणीवरील भाषण)

सिंधुदुर्ग जिल्ह्यात स्पोर्ट्स कार बाळगणे ही गोष्ट इतकी विसंगत आहे, की तिचे समर्थन वेगाच्या आधारावर करता येणार नाही, हे आरंभीच नमूद केलेले बरे. मालवणहून कुडाळास जा, आचऱ्यावरून देवगडास जा, की नेरूरपारचा पूल ओलांडून वेंगुर्ल्याची वाट धरा. दर फर्लांगागणिक एक वळण, वळणाआड एक म्हैस, म्हशीमागे एस. टी., आणि एस. टी.ला वाट द्यावयाची तर एका अंगास जांभ्याचा गडगा व दुसऱ्या अंगास शेताची मेर, अशी येथील रस्त्यांची पूर्वापार वहिवाट आहे. मुंबई-गोवा महामार्ग हल्ली रुंद झाला खरा. परंतु त्या रस्त्याने जाताना आपण कोणत्या जिल्ह्यातून जात आहोत याची दखल गाडीला घ्यावी लागत नाही, आणि माझ्या गाडीला तर ती दखल घेण्याचेच व्यसन आहे.

गाडीची ओळख सांगतो. १९९८ साली, म्हणजे ज्या वर्षी कोकण रेल्वेचा सलग मार्ग वाहतुकीस खुला झाला त्याच वर्षी, आमच्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म नावाची एक छोटी मोटार बाजारात आली: आसने दोनच, टप कापडी, रेखाटन फ्रेंच, इंजिन रेनॉ कंपनीचे ११४९ घन सेंटिमीटरचे व साठेक अश्वशक्तीचे, आणि अंग फायबरचे. आज ती नवी मिळत नाही. मी सेवानिवृत्तीनंतर एका गोवेकर गृहस्थाकडून ती जुनी विकत घेतली. आणि ज्याची सारी हयात दिवाणी न्यायालयाच्या दफ्तरात गेली, त्याला मोटारीचे पहिले सुख मोटारीच्या आधी तिच्या कागदांतच लाभावे, हे ओघानेच आले. गोव्याचा ना-हरकत दाखला, महाराष्ट्राच्या कराची पावती, विम्याची तबदिली आणि अखेरीस एम. एच. ०७ या आमच्या जिल्ह्याच्या क्रमांकाची नोंद, हा सगळा दस्तऐवज मी अनुक्रमाने लावून लाल फितीत बांधून ठेवला असून, फावल्या वेळी तो सोडून पुन्हा बांधण्यात मला जो आनंद होतो तो आमच्या घरच्या मंडळींना अद्याप समजावून देता आलेला नाही.

आता त्या फायबरच्या अंगाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण माझ्या सुखाचा बराच मोठा हिस्सा तेथेच दडलेला आहे. पोलादी पत्र्याचे अंग बनवावयाचे तर त्यासाठी लागणाऱ्या अजस्र साच्यांचा व दाबयंत्रांचा खर्च गाड्या अमाप खपल्या तरच भरून निघतो. उलट काचतंतूंची चटई साच्यात अंथरून तिच्यावर राळ चढवली, की मूठभर कारागिरांच्या हातून हवा तो बाक आणि हवी ती गोलाई साकार होते, आणि म्हणूनच ज्यांना गाड्या थोड्याच पण मनासारख्या करावयाच्या होत्या, अशा पुष्कळांनी जगभर हीच वाट धरली. इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली एलीट या गाडीचा सांगाडासुद्धा त्याच द्रव्याचा केला. अमेरिकेतील शेव्हरोले कंपनी काही लहान नव्हे. पण १९५३ साली कॉर्व्हेट आणताना तिनेही अंगासाठी फायबरच पसंत केले. आमच्या कोकणपट्टीतही, अलिबागजवळ, या शतकाच्या आरंभी एका जर्मन गृहस्थाने अँबॅसडरमध्ये बसत असे ते इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन घेऊन चिंकारा नावाची एक उघडी गाडी बांधली, जिचे वळण सरळसरळ लोटस सेव्हनचे होते. तेव्हा उत्तरेस अलिबाग आणि दक्षिणेस गोवा अशा दोन्हीकडून स्पोर्ट्स कारच्या कारखानदारीने वेढलेल्या मालवणात मी असली गाडी ठेवली, तर त्यात परदेशी थेर कोणते, हा प्रश्न मी माझ्या टीकाकारांना नम्रपणे विचारू इच्छितो.

कारखाने दोन्ही अंगांस झाले, तरी कारागीर मात्र मला घराशेजारीच सापडला. त्याचे असे झाले, की एका दुपारी अंगणातल्या माडावरून नारळ सुटला आणि त्याने बॉनेटला चांगली टीचभर भेग पाडली. मोटारीच्या कारखान्यांतून पत्रा ठोकणारे हात पुष्कळ मिळतात. परंतु येथे ठोकण्यास पत्राच नव्हता. मालवण बंदरातल्या लहान होड्या आता बहुतेक फायबरच्याच असतात, हे ध्यानात येताच मी गाडी घेऊन किनाऱ्यावरच्या एका मांगरात गेलो. तेथे अर्ध्या जागेत पालथी घातलेली होडी आणि उरलेल्या अर्ध्यात माझी गाडी, अशी व्यवस्था झाली. कारागिराने प्रथम ग्राइंडरने भेग उकरून तिच्या दोन्ही कडांना उतार दिला, कारण वरून लेप चोपडून बुजवलेली भेग पुन्हा डोके वर काढल्याशिवाय राहत नाही. मग ती जागा ॲसिटोनने पुसली, काचतंतूंच्या मॅटचे तुकडे कातरीने न कापता हाताने फाडले, कारण फाटलेल्या कडेचे तंतू एकमेकांत गुंततात व जोड उमटत नाही. आणि प्लास्टिकच्या मगात रेझिन ओतून त्यात हार्डनरचे मोजके थेंब सोडले. तोपर्यंत निवांत असणारा तो मनुष्य तेथून पुढे कोणाशी बोलेना. हातातला मग कोमट लागू लागला म्हणजे आतल्या रसायनाने गोठावयास आरंभ केला असे समजावयाचे, आणि तेवढ्या अवधीत ब्रशने टोचून, रोलर फिरवून मॅटमधला बुडबुडा न् बुडबुडा बाहेर काढावयाचा. पांढरीशुभ्र मॅट भिजून पार आरपार दिसू लागली, की पोटात हवा उरली नाही. एवढे झाल्यावर त्याने हात पुसले, बिडी शिलगावण्यासाठी तो दूर माडाखाली गेला, आणि तेथून माझ्या गाडीवर त्याने अभिप्राय दिला, ‘अण्णानू, ही गाडी नाय, होडीच आसा. फकत खाऱ्या पाण्यात घालू नकात!’

इतका अचूक अभिप्राय मी नोकरीच्या काळात कोणत्याही निकालपत्रात वाचला नाही. दुसरे दिवशी पॉलिश पेपरने ती जागा घासण्याचे काम मी स्वतःकडे मागून घेतले. बोटाच्या टोकाला जोड लागेनासा होईपर्यंत घासत राहणे, डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवणे, हे लेखणी धरणाऱ्या हाताला उतारवयात शिकावयास मिळाले याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

चालवण्याच्या सुखाविषयी बोलायचे तर आसन जमिनीपासून जेमतेम दीड वीत उंच असल्यामुळे ताशी चाळीस किलोमीटरचा वेगही पराक्रमासारखा भासतो, आणि आमच्या रस्त्यांना तेवढा पराक्रम पुरेसा आहे. त्या उंचीवरून जग निराळे दिसते: गडग्याच्या चिऱ्यांमधली शेवाळाची रेघ, पुलाच्या कठड्याखालचे पाणी, रस्ता ओलांडावा की न ओलांडावा या विवंचनेतल्या कोंबडीचा चेहरा. दोन्ही बाजूंना जांभ्याची दरड असलेल्या चढावर तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात उतरताना सायलेन्सरचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो, तेव्हा साठ घोड्यांचे निदान नव्वद झाल्यासारखे वाटतात. मी एकटा असलो तर तो चढ क्वचित पुन्हाही चढतो.

परंतु खरे राज्य नाकाचे. बंद काचांच्या मोटारीतून या जिल्ह्याचे फक्त चित्र दिसते. टप मागे टाकून माघ-फाल्गुनात वेंगुर्ल्याच्या बाजूस गेले, की आसोलीच्या आसपास सुरंगीचा वास झाड दिसण्याच्या कितीतरी आधी येऊन भेटतो. सड्यावर भाजावळीचा धूर, त्यापुढे पिकलेल्या काजूच्या बोंडांचा आंबूस दर्प, खाडी जवळ आली की चिखलाचा गारवा, आणि तळाशिलकडे वळले तर वाळत घातलेल्या मासळीचा तो वास, ज्याविषयी बाहेरच्या माणसाने मत देऊ नये. रस्त्याचा नकाशा मला अलीकडे डोळे मिटूनही सांगता येईल, अर्थात गाडी उभी असताना.

उघड्या गाडीला आणखी एक विलक्षण अडचण असते, आणि ती मला फार प्रिय आहे. तिच्यातून कोणालाही टाळता येत नाही. बंद मोटारीचा मालक मान हलवून पुढे जाऊ शकतो. आम्ही मात्र प्रत्येक तिठ्यावर जाब देण्यास हजर. ‘ह्येचां छप्पर खंय गेलां?’ हा शाळकरी पोरांचा नेहमीचा सवाल. मोठी माणसे किंमत विचारतात, मग ॲव्हरेज विचारतात, आणि दोन्ही उत्तरे ऐकून झाल्यावर सहानुभूतीने पाहतात. ज्या कुळांचे दावे मी वर्षानुवर्षे केवळ क्रमांकाने ओळखत होतो, त्यांची माणसे गाडीच्या दारावर हात टेकून आता मला आंब्याच्या मोहोराची हकीकत सांगतात.

दोन आसने ही उणीव आहे असे लोक म्हणतात. श्रोतेहो, ती सनद आहे. कोकणात ज्याच्या दारात मोटार, तो कुडाळ स्टेशनचा बिनपगारी चाकर. गणपतीला येणारा प्रत्येक चाकरमानी आपल्या चार बोचक्यांसह त्याच्या अंगणात उतरावयाचा, हा शिरस्ता. माझ्याकडे सामान ठेवण्यास जागा बेताची, आणि माणसास जागा एक. त्या एका जागेवर वहिवाटीने आमच्या सौभाग्यवतींचा हक्क. त्यांनी प्रथम डोक्यावरून पदर घट्ट लपेटून, चेहऱ्यावर कमालीचा निषेध धारण करून प्रवास केला. पुढे संध्याकाळच्या लिलावाला मालवण बंदरावर जाऊन सुरमई पारखून आणण्याच्या कामी ही गाडी सोयीची आहे, कारण मासळीचा वास गाडीत कोंडून राहत नाही, असा निर्णय त्यांनी दिला, आणि त्यावर अपील नाही.

खारा वारा हा आमचा कायमचा वादी. अंग गंजत नाही हे खरे, पण त्याच्या पोटात स्प्रिंगा, नटबोल्ट, ब्रेकच्या नळ्या हे सारे लोखंडच; शिरोड्याच्या मिठागरांत जे मीठ माणसे मेहनतीने पिकवतात, ते इकडे हवेतून फुकट घरपोच येते. म्हणून तारकर्ली-देवबागकडून परत आलो, की खालच्या अंगाने गोड्या पाण्याची धार धरावी, ते सुकले की बोल्टांना तेलाचा हात फिरवावा, ही माझी सायंसंध्या ठरून गेली आहे. होडीवाले किनाऱ्याला लागल्यावर आपल्या बाहेरच्या इंजिनाला नेमके हेच करतात, आणि मी ते त्यांच्याकडूनच उचलले.

वर्षाचा हिशेबही त्यांचाच. १ जून ते ३१ जुलै सरकारी हुकमाने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद; त्याच्या आधीच होड्या वर ओढून, इंजिने उतरवून, झापांनी शाकारून ठेवल्या जातात. त्याच दिवसांत माझीही गाडी पडवीत जाते: चाकांवरचा भार निघावा म्हणून खाली लाकडी ठोकळे, बॅटरीची तार सुटी, आत पाण्याचे दंव धरू नये म्हणून पेट्रोलची टाकी काठोकाठ, आणि उंदरांनी वायरींवर दावा लावू नये म्हणून जागोजाग डांबराच्या गोळ्या. मृगाची पहिली सर पडली, की बाजारात कोणी ना कोणी तांडेल मला विचारतो, ‘अण्णानू, गाडी वर घेतलात?’ इतकी वर्षे मालवणात राहिलो, पण मी कचेरीतला माणूस. मला समन्साची तारीख विचारीत, हवामान कोणी विचारले नव्हते. आता वाऱ्याची दिशा, नारळी पौर्णिमेला समुद्र कितपत शांत होईल, दोन वर्षांपूर्वीच्या रेझिनची प्रत आणि यंदाच्या रेझिनचा भाव, या सर्व विषयांवर माझे मत घेतले जाते, आणि ते बहुधा मानले जात नाही. तथापि घेतले जाते.

नारळी पौर्णिमेस सिंधुदुर्ग किल्ल्याचा मानाचा नारळ दर्याला अर्पण झाला, की होड्यांबरोबर माझीही गाडी ठोकळ्यांवरून उतरते. त्यानंतरची तिची पहिली कामगिरी ठरलेली: चतुर्थीला मूर्तिशाळेतून गणपती आणावयाचा. भाद्रपदातला पाऊस कोणाचे ऐकत नाही, म्हणून त्या दिवशी टप चढवलेला असतो. मूर्ती शेजारच्या आसनावर, तिला पट्टा, मांडीखाली दुमडलेली गोधडी, आणि सौभाग्यवती रिक्षाने मागून.

यंदा मात्र एक पेच आहे. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने टपाचे कापड शिवणीवर विरले आहे. शिडे शिवणारे हात आता बंदरात उरले नाहीत. पण होड्यांच्या ताडपत्र्या शिवणारा एक गृहस्थ आहे, त्याने येऊन मापे घेतली, टपाच्या सांगाड्याची घडी चार वेळा उघडून मिटून पाहिली, आणि जाड सुई, मेणवलेला दोरा व दुहेरी शिवण अशी तजवीज सांगून चतुर्थीपूर्वी काम देण्याचे कबूल केले. रंगाचा प्रश्न तेवढा राहिला आहे. त्याच्याकडे निळी ताडपत्री आहे, मला काळी हवी, आणि सौभाग्यवतींचे म्हणणे असे की निळी चांगली, निदान पाऊस पडला तर लोक होडी समजून वाट तरी देतील.