ना जीप, ना मोटार

श्रोतेहो, भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या एका टेकडीवर आंबागडचा किल्ला उभा आहे. देवगडचा राजा बख्तबुलंद याच्या पदरच्या राजखान पठाणाने तो सुमारे 1700 साली बांधला, असे सांगतात. पायथ्याच्या गावाचे नावही आंबागडच. आसपास धानाची शेती आणि जंगल, पलीकडे चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी. अशा गावातल्या, खाऊनपिऊन सुखी असलेल्या एखाद्या कुटुंबाला मोटार घ्यायची झाली, तर ती कशी असावी?

पावसाळ्यात बांधावरच्या चिखलातून ती निघाली पाहिजे. बियाण्याच्या पिशव्या तिच्यात मावल्या पाहिजेत. लग्नाला तुमसरला, दवाखान्याला भंडाऱ्याला किंवा नागपूरला घरची पाच-सहा माणसे एकदम गेली पाहिजेत, आणि त्यांची हाडे खिळखिळी होता कामा नयेत. शिवाय डिझेल बेताने प्यायला हवे. थोडक्यात म्हणजे, अंगी जीपचा काटकपणा आणि चालीला मोटारीचा सोज्वळपणा. मग अशा गाड्या पहिल्यांदा बाजारात आल्या, तेव्हा लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या असतील, असे आपल्याला वाटेल. पण तसे झाले नाही. का झाले नाही, हेच आज आपल्याला पाहायचे आहे.

या जातीच्या गाडीला आता सर्रास ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. जुन्या जीपची रचना बैलगाडीसारखी असते. खाली चेसिसचा भक्कम सांगाडा आणि त्यावर वेगळी बसवलेली पेटी. साध्या मोटारीत सांगाडा आणि पेटी एकजीव असतात, म्हणून ती हलकी राहते आणि मऊ चालते. ही एकजीव पेटी थोडी उंच उचलायची, चाके मोठी घालायची आणि तोंडवळा जीपसारखा ठेवायचा, म्हणजे झाला क्रॉसओव्हर. फ्रान्समध्ये 1977 साली मात्रा कंपनीने ‘रांशो’ नावाची अशी गाडी काढली. रूप रानावनातले, पण ओढ फक्त पुढच्या दोन चाकांना! अमेरिकेत अमेरिकन मोटर्सने 1979 साली ‘ईगल’ आणली. तिच्या चारही चाकांना खरोखरच ओढ होती. परंतु 1987 साली कंपनी क्रायस्लरच्या हाती गेली आणि त्याच वर्षी ईगलचे उत्पादनही थांबले. कल्पना वेळेच्या आधी आली, म्हणजे तिला असे दिवस काढावे लागतात.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. पुण्याच्या टाटांच्या कारखान्यातून 1991 साली ‘सिएरा’ बाहेर पडली. काटेकोर अर्थाने ती क्रॉसओव्हर नव्हे, कारण ती मालवाहू पिकअपच्या चेसिसवर बांधली होती. पण जीप आणि मोटार यांचे लग्न लावण्याचा आपल्याकडचा तो पहिला ठळक प्रयत्न. मागच्या बाजूला छतापर्यंत वळलेल्या काचा, आत वातानुकूलन, खिडक्या विजेवर वरखाली होणाऱ्या. रस्त्याने गेली की माणसे वळून पाहत. मात्र माणसांना चढायला दारे दोनच! मागे बसायचे, तर पुढची खुर्ची वाकवून आत शिरायचे. आता सांगा, नऊवारी नेसलेल्या आजीने त्या फटीतून कसे जावे? आमच्या झाडीपट्टीतला माणूस म्हणेल, “गाडी त बेस आहे, पन मांगं बुढीनं बसावं कसं?” या एका प्रश्नापुढे सगळी ऐट फिकी पडते. शिवाय दोन लिटरचे, टर्बो नसलेले तिचे सुरुवातीचे डिझेल इंजिन त्या वजनाच्या मानाने दुबळेच होते. पुढे 1994 साली त्याच टाटांची ‘सुमो’ आली. दिसायला ठोकळ्यासारखी, पण दारे भरपूर आणि माणसेही भरपूर. ती गावोगाव पोचली. सिएरा हौशी लोकांच्या अंगणात राहिली.

दुसरे उदाहरण आणखी बोलके आहे. चिंचवडची प्रीमियर कंपनी म्हणजे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा वारसा. जिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, ती पद्मिनी याच कंपनीची. या कंपनीने 2009 च्या अखेरीस ‘रिओ’ आणली. हिशेब मोठा हुशारीचा होता. 2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचे उत्पादनशुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणले होते. त्या सवलतीत बसणारी, जीपच्या तोंडवळ्याची गाडी आपल्याकडे तोवर कोणीच केली नव्हती. रिओने ती जागा बरोबर हेरली.

मग अडले कुठे? रिओचा मूळ आराखडा जपानच्या दायहात्सूचा, 1997 सालच्या ‘टेरिओस’ गाडीचा. तो चीनच्या झोत्ये कंपनीमार्फत फिरून इथे आला. डिझेल इंजिन प्यूजो घराण्यातले, जुन्या घाटाचे, सुमारे 65 अश्वशक्तीचे. म्हणजे घर एकाचे, चूल दुसऱ्याची आणि भांडी तिसऱ्याची. यात गैर काही नाही, पुष्कळ गाड्या अशाच बनतात. पण विक्रीची दुकाने मोजकी. गावाकडचा माणूस गाडी घेताना आधी मिस्त्रीला विचारतो, “याचे सामान मिळते का रे?” मिस्त्रीने नुसती मान हलवली, की सौदा तिथेच मोडला. कारण दहा वर्षांची बचत आणि वर बँकेचे कर्ज घालून घेतलेली गाडी एका सुट्या भागासाठी महिनाभर अंगणात उभी राहणे कोणालाही परवडत नाही. पुढे 2012 साली रिओला फियाटचे चांगले इंजिन मिळाले. पण लोकांचे मत तोवर बनून गेले होते. आणि 2013 साली फोर्डची ‘इकोस्पोर्ट’ नेमक्या त्याच मापात आली आणि तिच्यासाठी रांगा लागल्या! जागा रिओने शोधली, पीक दुसऱ्याने काढले. प्रीमियर कंपनी पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

तिसरी गाडी टाटांची ‘आरिया’. 2010 च्या ऑक्टोबरात ती क्रॉसओव्हर म्हणूनच वाजतगाजत आली. प्रशस्त, तीन रांगांची, चारही चाकांना ओढ असलेली, किंमत तेरा लाखांच्या आसपास आणि त्याहून वर. यंत्र म्हणून तिला नावे ठेवण्यासारखे थोडेच होते. पण लोकांनी तिच्याकडे पाहिले आणि त्यांना ती इनोव्हासारखी प्रवासी गाडी वाटली. मग ते म्हणाले, प्रवासी गाडीच घ्यायची, तर लोकांची पारखलेली इनोव्हा का नको? आणि जीपच हवी, तर हिच्यात जीपचा रुबाब कुठे? त्यातून, ज्या दुकानात टॅक्सीवाले सुमो आणि इंडिका घेत होते, त्याच दुकानात तेरा-पंधरा लाख मोजायला श्रीमंत गिऱ्हाईक कचरत होते. वर्षभरातच, 2011 च्या सप्टेंबरात, महिंद्रांनी चाकणहून ‘एक्सयूव्ही 500’ आणली. पेटी एकजीव, तोंडवळा चित्त्यासारखा, आणि किंमत सुरू होत होती पावणेअकरा लाखांच्या पुढेमागे. मागणी इतकी आली, की नोंदणी काही काळ बंद ठेवावी लागली. आरियाची स्वस्त, दोन चाकांच्या ओढीची आवृत्तीही निघाली, पण गेलेली वेळ परत आली नाही.

पण महिंद्रांचेही सगळेच पत्ते जिंकले असे नाही. 2012 साली त्यांनी आपली ‘झायलो’ मागून कापून चार मीटरच्या आत बसवली आणि तिचे नाव ठेवले ‘क्वांटो’. एवढ्याशा लांबीत सात माणसे! शेवटची दोन माणसे मात्र कोपऱ्यातल्या छोट्या बाकांवर आडवी बसणार. कराच्या कायद्याने कपडा बेतला आणि माणसाचे माप मागाहून घेतले, तर अंगरखा कुठेतरी तोकडा पडणारच. 2016 साली तिच्या जागी दुसरी गाडी आणावी लागली.

श्रोतेहो, या साऱ्या कहाण्यांतून एक गोष्ट ध्यानात येते. यांतली एकही गाडी अगदीच टाकाऊ नव्हती. एकीला दार कमी पडले, एकीला मिस्त्री, एकीला ओळख आणि एकीला पाय पसरायला जागा. कारखानदारांच्या तोंडी अनेकदा एक वाक्य असते, की गिऱ्हाईकाला नवी कल्पना कळली नाही. मला हे पटत नाही. कल्पना त्याला पक्की कळली होती, कारण गरज त्याचीच होती. त्याने नाही म्हटले ते नवेपणाला नव्हे, तर अर्धवटपणाला. ज्या घरात गाडी पंधरा वर्षांतून एकदा येते, त्या घराला प्रयोगाची चैन करता येत नाही. प्रयोग फसला, तर कारखाना दुसरी गाडी काढील. घराने कर्जाचे हप्ते भरून दुसरी कुठून आणावी?

म्हणून गाडी घेणाऱ्याने जाहिरातीकडे पाहण्याआधी चार प्रश्न विचारावेत. मागे कोण बसणार? बिघडली तर जवळात जवळ कोण दुरुस्त करणार? विकायची वेळ आली, तर घेणार कोण? आणि आपल्या गावचा रस्ता हिला झेपेल का? गाड्या बनवणाऱ्यांनीही हेच चार प्रश्न कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी विचारले, तर त्यांचे कोट्यवधी रुपये आणि कामगारांचे कष्ट वाचतील.

हे शहाणपण वाया जात नाही, याचाही एक पुरावा आहे. 2025 च्या नोव्हेंबरात सिएरा हे नाव टाटांनी पुन्हा बाजारात आणले. मागच्या काचांची जुनी ऐट नव्या रूपात तिने राखली आहे. मात्र या वेळी मागच्या माणसांसाठी स्वतंत्र दारे आहेत. आजीचा प्रश्न कारखान्यापर्यंत पोचायला चौतीस वर्षे लागली, पण पोचला खरा!