मुकें यंत्र आणि अंध श्रोता



धाराशिव जिल्ह्यांतील एका खेड्याच्या शाळेंत मीं मुलांना तीस वर्षें अक्षरें गिरवावयास लावलीं. निवृत्तीनंतर काचबिंदूनें त्याच अक्षरांशीं माझा संबंध हळूहळू तोडला. या रोगानें दृष्टीची नस झिजते आणि गेलेली दृष्टि परत येत नाहीं. म्हणून चाळिशीनंतर डोळे तपासून घेत जा, हें जातां जातां सांगून ठेवतों. आज मात्र मला बोलावयाचें आहे तें डोळ्यांविषयीं नव्हे, घरांतील दूरचित्रवाणीच्या पेटीविषयीं.

अंधाला दूरचित्रवाणी कशाला, असें पुष्कळ जण विचारतात. बातम्या, कीर्तन, भाषणें हीं कानांनींच घ्यावयाचीं ना? अडचण ऐकण्याची नाहीं. हवें तें लावण्याची आहे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजीं सायंकाळीं चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलें. तो सोहळा माझ्या नातवानें पेटीला पेन ड्राइव्ह जोडून मुद्रित करून ठेवला. दुसऱ्या दिवशीं शेजारचीं मुलें तो पाहावयास यावयाचीं होतीं. घरीं कोणी नव्हतें. नातवानें पाठ करून दिलें होतें : यादीची कळ दाबावी, तीन वेळां खालीं जावें, मग मधली कळ. मीं तसेंच केलें. परंतु पेटी आदल्या वेळीं जेथें थांबली होती तेथूनच ती पुढें सरकली, आणि माझी मोजदाद व्यर्थ झाली. कांहींच आवाज येईना, म्हणून मधली कळ पुन्हां दाबली. पडद्यावर तेव्हां ‘पुसून टाकूं काय?’ असा प्रश्न उमटला होता, हें नातू आल्यावर कळलें. न दिसलेल्या प्रश्नाला मीं ‘होय’ म्हणून बसलों होतों! मुलें आलीं, मीं हकीकत तोंडानेंच सांगितली. तीं आनंदानें गेलीं. पण आपल्याच घरांत आपण परके झालों, ही बोचणी मला रात्रभर लागून राहिली.

जुन्या रेडिओची खुंटी शेवटाला गेली कीं अडत असे. खरखरीवरून स्टेशन कोठें आहे तें समजे. आजच्या दूरनियंत्रकावर पांचाच्या आकड्यावर बहुधा एक उंच टिंब असतें; त्यावरून बोटाला इतर आकडे सांपडतात. परंतु खरी यादी पडद्याच्या आंत असते, आणि तेथें बोट पोंचत नाहीं. उपाय एकच : यादीनें स्वतः बोलावें.

हें अशक्य नाहीं. संगणकाचा पडदा वाचून दाखविणारी एन्.व्ही.डी.ए. ही विनामूल्य योजना २००६ पासून चालू आहे. अँड्रॉइडच्या दूरचित्रवाणींत ‘टॉकबॅक’ आहे. फायर टीव्हीवर ‘बॅक’ आणि ‘मेनू’ या कळा दोन सेकंद एकदम दाबून धरल्या कीं यादी बोलूं लागते. अमेरिकेंत २०१० च्या कायद्यान्वये अशी सोय पेट्यांच्या कारखानदारांवर बंधनकारक झाली. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचें ४२ वें कलमही नित्य वापराचीं विद्युत् उपकरणें सर्वांना वापरतां येतील अशीं मिळावींत, ही जबाबदारी सरकारवर टाकतें; आणि ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें डिजिटल सेवांपर्यंत पोंचणें हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

परंतु कायदा आपल्या पायांनीं दुकानापर्यंत येत नाहीं. त्याला गिऱ्हाइकानें हात धरून आणावें लागतें. म्हणून पेटी विकत घेतांना दुकानदाराला विचारा : “ही बोलते काय?” आणि पैसे देण्यापूर्वीं क्षणभर डोळे मिटून ती चालवून पाहा. आज आमच्या घरची नवी पेटी बोलते; इंग्रजींतून कां होईना, पुसण्यापूर्वीं मला विचारते.

वर्गांत एखादा मुलगा मुकाट्यानें पाटीवर कांहीं खरडूं लागला, तर मी म्हणत असें, “बाळ, काय लिहितोस तें मोठ्यानें वाच.” यंत्राकडे तरी माझें याहून अधिक मागणें कोठें आहे?