शाळेंत असतांनाच पुढील विषयांची निवड



जून महिना लागला कीं धाराशिव जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या दारांत दोन खर्च एकाच वेळीं येऊन उभे राहतात: सोयाबीनचें बियाणें आणि मुलांचे प्रवेश. बियाणें कोणतें घ्यावें, याचा घरांत चार दिवस खल होतो. शेजारच्या शिवारांत गेल्या सालीं काय उगवलें आणि काय उगवलें नाहीं, याची बारकाईनें चौकशी होते. मुलीनें अकरावीस कोणते विषय घ्यावे, याचा निकाल मात्र पुष्कळदां एका सायंकाळीं, ओट्यावर बसल्या बसल्या लागतो. बियाणें फसलें तर एक हंगाम जातो. विषय फसला तर किती जातें, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं.

दहावी उतरलेल्या मुलाचें वय असतें पंधरा-सोळा वर्षांचें. त्या वयांत त्यानें कला, वाणिज्य कीं विज्ञान हें ठरवावयाचें. विज्ञान घेतल्यास गणित ठेवावयाचें कीं जीवशास्त्र, हेंही ठरवावयाचें. पदवीचा मुख्य विषय पुढें दोन वर्षांनीं निवडावयाचा, असें कागदावर दिसतें. वस्तुतः त्याची निम्मी निवड येथेंच होऊन गेलेली असते.

या जिल्ह्यास ही अडचण नवी नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें. त्याचें माध्यम उर्दू. इंग्रजी बाजूस सारून देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठा होता, हें मान्य केलें पाहिजे. परंतु मराठी घरांतील मुलाची ती भाषा नव्हती. त्याला विषय निवडण्यापूर्वीं भाषाच निवडावी लागे. उर्दूंत शिकून संस्थानच्या नोकरीची वाट धरावी, कीं सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शी वा पुणें येथें एखाद्या नातलगाच्या घरीं राहावें आणि इंग्रजी मुलखांतील शाळा गांठावी, हा त्या वेळचा प्रश्न. ज्याचें पलीकडे कोणी नव्हतें, त्याच्यापुढें निवड अशी नव्हतीच. हिप्परग्यास १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढें स्वामी रामानंद तीर्थांनीं तेथें शिक्षकाचें काम केलें. ती कांहीं मुलांना तिसरी वाट झाली. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हां कोठें मराठी मुलास आपल्याच प्रांतांतील पदवीचें दार दिसूं लागलें.

त्या विद्यापीठास १९९४ पासून ज्यांचें नांव जोडलेलें आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शाळकरी वयांतील एक प्रसंग या विषयास अगदीं लागू पडतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांत दुसरी भाषा म्हणून त्यांना संस्कृत घ्यावयाचें होतें. अस्पृश्य मुलास संस्कृत शिकविण्याचें नाकारण्यांत आलें आणि त्यांना फारशी घ्यावी लागली. १९०७ सालीं ते मॅट्रिक झाले. पुढें कोलंबिया विद्यापीठांत त्यांनीं अर्थशास्त्रांत नांव मिळविलें, संस्कृताचाही स्वतःच्या कष्टानें अभ्यास केला. तरी शूद्रांच्या उत्पत्तीवरील त्यांचा ग्रंथ १९४६ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां संस्कृतावर आपलें प्रभुत्व नाहीं हें त्यांनीं प्रस्तावनेंत मोकळेपणानें सांगितलें. मूळ वाङ्मय आपण पंधरा वर्षें इंग्रजी भाषांतरांतून अभ्यासिलें आहे, असेंही नमूद केलें. एवढ्या थोर बुद्धीच्या पुरुषास शाळेंत बंद झालेल्या एका दाराची किंमत जवळजवळ चाळीस वर्षांनंतरही मोजावी लागली. सामान्य मुलाची काय कथा? बाबासाहेबांवर तें दार दुसऱ्यांनीं लोटलें होतें. आज पुष्कळ घरांत तें आपल्याच हातानें लोटलें जातें, आणि तेंही नकळत.

कळंब तालुक्यांतील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. मुलीला दहावीस चांगले गुण पडले आहेत. लातूरचे मामा मुद्दाम आले आहेत. लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्यांत होतें. आज तेथील शिकवण्यांचा बोलबाला साऱ्या महाराष्ट्रांत आहे. मामा म्हणतात, "जीवशास्त्र घे, गणित सोडून दे. डॉक्टर झालीस म्हणजे घराचं नांव निघेल." मुलगी हळूच म्हणते, "मामा, गणितच तर मला आवडतं." वडील गप्प आहेत. त्यांच्या डोक्यांत वसतिगृहाचा खर्च चालला आहे.

मामांचें प्रेम खोटें नाहीं. धाराशिवास २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेव्हां स्वप्न घराच्या जवळ आलें आहे हेंही खरें. पण २०२४ सालीं 'नीट' परीक्षेस देशांत तेवीस लाखांवर विद्यार्थी बसले होते आणि एम. बी. बी. एस. च्या जागा एक लाखाच्या थोड्याशाच वर होत्या. ज्यांना जागा मिळत नाहीं त्यांचें काय, हा प्रश्न ओट्यावर निघत नाहीं. गणित सोडलेल्या मुलीस अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा, संख्याशास्त्र, पदार्थविज्ञानाचा पुढील अभ्यास हें सर्व दुरावतें. उलट जीवशास्त्र सोडलेल्यासाठीं आतां थोडी फट आहे: बारावीनंतर तो विषय जादा म्हणून उत्तीर्ण होणारासही 'नीट'ला बसण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें २०२३ च्या नोव्हेंबरांत दिली. ज्याला दोन्हींचा भार सोसतो त्यानें दोन्ही ठेवावे. तें कठीण आहे, पण अशक्य नाहीं.

आणखी एक गोष्ट. विज्ञान घेऊन बारावी झालेला मुलगा कला किंवा वाणिज्य शाखेंत पदवीस जाऊं शकतो. तिकडून इकडे येण्याची वाट जवळजवळ नाहीं. यावरून 'कांहीं ठरत नसेल तर विज्ञान घ्या' असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्याचें खरोखरच ठरलेलें नाहीं त्याला तो ठीक आहे. ज्याचें मन इतिहासांत किंवा भाषेंत रमतें त्याच्यावर तो लादला, तर दोन वर्षें नावडत्या विषयांशीं झटून गुण घसरतात, आणि मग उघडी ठेवलेली दारेंही हातचीं जातात. कला शाखा म्हणजे कमी गुणांच्या मुलांची धर्मशाळा, ही समजूत तर टाकूनच दिली पाहिजे. तुळजापुरास टाटा समाजविज्ञान संस्थेचें केंद्र १९८६ पासून आहे. ग्रामविकास आणि समाजकार्य शिकण्यास परप्रांतांतून मुलें तेथें येत आलीं आहेत. खुद्द जिल्ह्यांतील किती पालकांनीं त्याची चौकशी केली असेल?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें कला आणि विज्ञान यांमधील भिंत काढण्याचें ठरविलें आहे. महाराष्ट्रांतील महाविद्यालयांत आतां मुख्य विषयाबरोबर गौण विषयही घेतां येतो. भिंत उतरत आहे, पण प्रवेशपरीक्षांच्या अटी मात्र जागच्या जागीं आहेत. म्हणून कळंबच्या त्या घरीं अर्ज भरण्यापूर्वीं एवढें करावें. वडिलांनीं महाविद्यालयाच्या कचेरींत जाऊन, कोणता विषय सोडल्यास कोणत्या परीक्षेस बसतां येणार नाहीं, हें एका कागदावर लिहून घ्यावें. ओळखीच्या कोणाकडून अकरावीचीं गणिताचीं आणि जीवशास्त्राचीं जुनीं पुस्तकें आठ दिवसांसाठीं मागून आणावीं आणि मुलीच्या हातीं द्यावीं. तिनें तीं कोणी सांगितल्यावांचून किती वेळ वाचलीं, हें आईच्या ध्यानांत आल्याशिवाय राहणार नाहीं. मग तो कागद मध्यें ठेवून सर्वांनीं बसावें; मामांनाही बोलवावें; आणि त्या बैठकींत पहिल्यानें मुलीस बोलूं द्यावें.